सासूबाईंची खुर्ची



मागच्या वेळी दशम्यांबद्दल लिहिलं, तेव्हा काही जणींनी विचारलं होतं की परदेशी जाताना विमानात जेवणाचं काय करता. त्याचं उत्तर लिहायला बसले आणि सासूबाईंना घेऊन मुलाकडे अमेरिकेला गेले तो प्रवासच आठवला. जेवणाचं सांगेनच, पण आधी खुर्चीचं.

सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, इतके तास पाय लोंबते ठेवायचे नाहीत. मुलाच्या खात्यावर विमानाचे माइल्स साठले होते. ते खर्चून त्याने आजीची जागा पुढच्या वर्गात, बिझनेस क्लासमध्ये करून घेतली. माइल्स एकीपुरतेच होते, तेव्हा मी मागे. सासूबाईंनी विचारलं, "किती पैसे पडले?" पैसे नाहीत, माइल्स आहेत, म्हटलं, तर म्हणाल्या, "मग दिलं कुणी?" हे माइल्स प्रकरण त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

निघायला तीन आठवडे असताना विमान कंपनीची मेल आली. आमची आरक्षणाची संगणक प्रणाली बदलत आहे, आता सेवा अधिक सोपी होईल, असं काहीसं. मी वाचली न वाचली आणि पुसून टाकली. तिथेच चुकले.

आपण ज्याला एक तिकीट समजतो, त्यात खरं तर बऱ्याच गोष्टी असतात. एक सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर. त्याहून वेगळा तिकिटाचा तेरा आकडी नंबर. आणि त्या पीएनआरला चिठ्ठ्या चिकटवाव्यात तशा आपल्या मागण्या : व्हीलचेअर, जागा, जेवण. आपल्या जैन जेवणाचाही ठरलेला कोड आहे, व्हीजेएमएल. जुन्या संगणकातून नव्यात जाताना हे सगळं नव्याच्या भाषेत बसवावं लागतं. मूळ तिकीट बहुधा नीट जातं. चिठ्ठ्या गळतात, नाहीतर भलत्याच नावाला चिकटतात. घर बदलताना कपाट पोचतं आणि किल्ल्यांचा जुडगा सापडत नाही, तसंच.

हे मला नंतर मुलाने समजावलं. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही म्हणाला. २०१२ च्या मार्चमध्ये युनायटेड आणि कॉन्टिनेंटल एका प्रणालीवर आल्या तेव्हा विमानतळांवर रांगा लागल्या, पुढच्या वर्गाच्या जागांचेही घोळ झाले. त्यातून धडा घेऊन असेल, पण २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने यूएस एअरवेजला सामावून घेताना ९० दिवस हळूहळू जुन्या प्रणालीतलं आरक्षण कमी करत नेलं, म्हणजे शेवटच्या दिवशी हलवायला थोडंच उरलं. शहाणपणाचं काम! आमच्या कंपनीला ते सुचलं नसावं.

मुंबईच्या विमानतळावर रात्री अकराला काउंटरवर गेलो. मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, अपग्रेड तुमच्या नावावर आहे."

आमच्या दोघींचं आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षरही एक. माइल्स कापले गेले होते, जागाही होती, फक्त ती माझी झाली होती. अदलाबदल करा म्हटलं. ती म्हणाली, नव्या प्रणालीत नाव बदलता येत नाही, रद्द करून पुन्हा घ्यावं लागेल, आणि रद्द केलं की जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जाईल. माझा आवाज चढला. आता लिहितानाही मान खाली जाते, पण चढला. व्हीलचेअरमधून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती पोर केव्हाची उभी आहे. तिने का केलंय हे?"

तिने केलं नव्हतं, खरंच. ज्यांनी केलं ते त्या वेळी घरी झोपले असतील. हा राग मात्र मला आजही योग्य वाटतो.

शेवटी तिच्या वरिष्ठांनी सांगितलं, असंच चढा आणि आत गेल्यावर विनंती करा. व्हीलचेअरवाले आधी चढतात, म्हणून सासूबाई थेट मागे, अडतिसाव्या रांगेत नेऊन बसवल्या. सगळे बसल्यावर कर्मचाऱ्यांनी परवानगी दिली. मग त्या अरुंद वाटेने, एकेका खुर्चीची पाठ धरत, त्या गुडघ्यांनी पुढपर्यंत चालत आल्या. मी मागून त्यांची कंबर धरली होती.

आणि खुर्चीपाशी येऊन उभ्याच राहिल्या. बसेनात. "तिकडे तुझं नाव आहे ना? मग मी कशी बसू? न दिलेलं घ्यायचं नाही." मागे हवाई सुंदरी ताटकळलेली. मला हसू येईना की रडू. म्हटलं, "आत्याबाई, ही माझी आहे ना? मी देते तुम्हाला." तेव्हा कुठे बसल्या. पाय वर घेतले तशी कपाळावरची आठी गेली.

जेवणाच्या चिठ्ठीचंही तेच. दोघींचं जैन जेवण सांगितलं होतं, आलं एकच, तेही मागे माझ्याकडे. रात्रीचा प्रश्न नव्हता, त्या सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. पश्चिमेकडे जाताना रात्र मात्र लांबत जाते. दिवस कधी उगवतो म्हणून मी खिडकीशी बसलेल्या बाईंना दोनदा उठवलं. उजाडून दोन घटका झाल्यावर पुढे जाऊन दशमी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी दिली. गार दशमी सगळ्यात बरी, एवढंच त्या जेवणाचं उत्तर.

आता कंपनीची असली मेल आली की मी फोन करते आणि नाव, जागा, जेवण, व्हीलचेअर एकेक करून वाचून घेते. पुढच्या वर्गाची जागा घेतली असेल तर ती कुणाच्या नावावर, हे पूर्ण नावानिशी विचारते. उत्तर मेलवर मागते आणि छापून पर्समध्ये ठेवते.

परतीच्या वेळी सगळं नीट होतं. तरी काउंटरवर मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनीच पुढे वाकून मराठीतून विचारलं, "बाळ, खुर्ची कुणाच्या नावावर आहे?" समोरची गोरी मुलगी हसली आणि माझ्याकडे बघू लागली.