ठिपक्यांच्या मागावर : गिरगाव ते दादर
(मागील अंकावरून पुढे)

सोमवार, गिरगाव

निघण्याआधी सगळी ठिकाणं एका जीपीएक्स फाइलमध्ये भरून घेतली. ही फाइल आतून साधा मजकूरच असते. एकेका ठिकाणाचं नाव, अक्षांश, रेखांश आणि खाली खुणेची एखादी ओळ. जिओकॅशिंगवाले जगभर अशाच फायली वापरतात : कुणीतरी डबी लपवायची, तिचा पत्ता आकड्यांत जाहीर करायचा, बाकीच्यांनी शोधत यायचं. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनच्या रानात पहिली बादली ठेवली. तिथून हा खेळ सुरू झाला.

खोताच्या वाडीत शिरलो आणि फोनवरचा ठिपका बावचळला. मी क्रुसासमोर उभा, ठिपका समोरच्या घराच्या कौलांवर. मी जागचा हललो नाही, तरी तो दोन घरं ओलांडून परत आला. वाडीत डोक्यावर आभाळाची एक पट्टीच काय ती मोकळी असते. उपग्रहाचा संदेश थेट पोचण्याऐवजी भिंतींवर आपटून येतो, वाट लांबते आणि फोनचा हिशेब तेवढ्याने बिघडतो. रात्री गूगल अर्थमध्ये फाइल ओढून टाकली, तर माझी वाट घरांवरून चढत-उतरत गेलेली. या वाडीत आकड्यांपेक्षा माणसंच अचूक पत्ता सांगतात. वरच्या सज्जातून एका आजींनी विचारलंच, "कुणाकडे आलात?" कुणाकडेच नाही म्हटल्यावर त्यांनी थांबवून घेतलं आणि कुठल्या घराचं लाकूडकाम अजून मूळचं आहे ते एकेक बोट दाखवून सांगितलं.

मी डबी मात्र कुठेच लपवत नाही. ज्या शहरात लोकलच्या प्रत्येक फलाटावर बेवारस वस्तूला हात लावू नका असं बजावलं जातं, तिथे जिन्याखाली बंद डबा ठेवणं लोकांच्या जिवाला घोर लावणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या फाइलमध्ये आधीपासून शहरातच असलेल्या वस्तू आहेत. जायचं, पाहायचं, नोंद करायची.

मंगळवार, लालबाग

पुतणीने गिरगावचे बिंदू हाताने टाइप करून गूगल अर्थसाठी केएमएल फाइल बनवली होती. उघडली, तर पृथ्वी गर्रकन फिरली आणि थांबली ती नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात. जीपीएक्समध्ये अक्षांश आधी लिहितात, केएमएलमध्ये रेखांश आधी. १८.९६ आणि ७२.८२ यांची अदलाबदल झाली की खोताची वाडी थेट ध्रुवाच्या वाटेला लागते. तिने दोन आकडे उलटवले आणि गिरगाव जागेवर आलं.

मग लालबाग. इथे मी दुपारभर खुर्चीतून उठलो नाही. घड्याळाचं चिन्ह दाबलं की गूगल अर्थ जुनी उपग्रहचित्रं दाखवतं. पट्टी मागे, या शतकाच्या सुरुवातीकडे सरकवली आणि गिरण्यांची छपरं दिसली : करवतीच्या दात्यांसारखी, ओळीने, एकसारखी. त्या छपरांची काचेची बाजू उत्तरेला असायची, म्हणजे खात्यात ऊन न येता दिवसभर सारखा उजेड पडायचा. बाजूला चिमणीची लांब सावली. पट्टी पुढे सरकवत गेलो तसं एकेक छप्पर उखडलं, मोकळी माती उघडी पडली, मग खड्डा, मग मनोरा. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे आपण वाचलेलं असतं. पण ज्या खात्यात कुणाचा बाप पाळीला जात होता, त्या खात्याचं छप्पर एका चित्रात आहे आणि पुढच्या चित्रात नाही, हे बघताना घसा दाटून येतो. माझा ठिपका मात्र सगळ्या चित्रांत त्याच जागी. आकड्यांना खाली काय होतं त्याचं देणंघेणं नाही. म्हणून मी आता प्रत्येक बिंदूच्या खुणेच्या ओळीत तिथे आधी काय होतं तेही लिहितो.

संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन आलो. मसाल्याच्या डंकांपाशी मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांना धार लागली. नव्या मनोऱ्याच्या फाटकाशी घेतलेला बिंदू पडद्यावर त्याच्या मधल्या मजल्यांवर दिसतो. उपग्रह तिरका बघतो, त्यामुळे उंच इमारत चित्रात कलते आणि पायथा झाकते. चाळींच्या बाबतीत ही अडचण कधी आली नसती.

गुरुवार, परळ

बारादेवीचं मंदिर. वरून पाहिलं तर एक छप्पर, शेजारच्या छपरांहून काही वेगळं नाही. आत साडेतीन मीटर उंचीची एकसंध शिळा. मधोमध शिव, त्याच्यातूनच उगवल्यासारखा वर दुसरा, त्याहून वर तिसरा, आणि दोन्ही अंगांनी आणखी मूर्ती. अशी सात रूपं. खाली वाद्यं घेतलेले बुटके गण. पाचव्या-सहाव्या शतकातलं हे काम १९३१ साली परळ आणि शिवडीच्या दरम्यान रस्ता करताना सापडलं. मी गणांपाशी बराच वेळ रेंगाळलो. काही भाग अर्धवट घडवलेला वाटतो. छिन्नी खाली ठेवून कारागीर उठून गेला असावा. या शिळेची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला लोक जातात, पण मूळ शिळा परळमध्ये आहे हे परळकरांपैकीही कितीकांना ठाऊक नसतं. फाइलमधला हा सगळ्यात मोलाचा बिंदू.

शुक्रवार, दादर

चित्रा सिनेमाजवळचा मैलाचा दगड. मुंबईचे जुने मैल फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजले जायचे. १७१८मध्ये उघडलेलं ते चर्च म्हणजे शहराचा शून्य. काळ्या दगडावर रोमन आकड्यात मैल आणि चर्चचं नाव. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले तसे हे दगड कमरेपर्यंत गाडले गेले.

या दगडावर सहा मैल. रात्री गूगल अर्थची मोजपट्टी काढली. चर्च ते दगड सरळ रेषेत नऊ किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे पावणेसहा मैलांच्या आसपास. मग तीच पट्टी काळबादेवी, भायखळा, लालबाग, परळ अशी जुन्या रस्त्याच्या वळणांवरून टाकत आणली, तेव्हा उरलेला फरक भरून निघाला. म्हणजे दगड रोवणाऱ्यांनी रस्ता पावलापावलाने मोजलेला होता. फाइलमध्ये खुणेची ओळ लिहिली : "सहा मैल, रस्त्याने. पदपथावर, रहदारीकडे तोंड." उद्या चर्चपासून सुरुवात करून मधले दगड एकेक तपासत पायी दादरला यायचं.

(क्रमशः)