रजेतील कवडसा

गेल्या सोमवारी मी पुन्हा शाळेत जाऊ लागलो. मास्तर शाळेत गेला यात लिहिण्यासारखे ते काय, असे वाचक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे रास्तच आहे. अठ्ठावीस वर्षे मी रोज जातच होतो आणि त्यावर चार ओळी लिहाव्यात असे मला कधी वाटले नव्हते. परंतु यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या परसातल्या पायरीवर शेवाळ धरले होते व माझे लक्ष भलतीकडे होते. या दोन गोष्टींचा योग जुळून माझा उजवा घोटा मोडला. तेव्हापासून दसऱ्याची सुटी संपेपर्यंत, म्हणजे साडेतीन महिन्यांहून अधिक काळ, मी घरी होतो. नोकरीला लागल्यापासून इतकी दीर्घ रजा मी कधी घेतली नव्हती. घेण्याची इच्छाही नव्हती. शाळा माझ्यावाचून कशी चालेल, ही काळजी मला पायाच्या दुखण्याइतकीच सतावीत होती. खरे सांगायचे तर ती काळजी नव्हती, गर्व होता. पण ते पुढे कळले.

पहिले पंधरा दिवस केवळ चिडण्यात गेले. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगणे नलगे. जुलैत तो एकदा सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि माणसांच्या स्वभावालाही येते. सहा आठवड्यांच्या प्लास्टरात पाय अडकवून मी माजघरातल्या पलंगावर पडून असे व घड्याळाकडे पाहून आता कोणता तास सुरू असेल याचा हिशेब करी. आता आठवी. आता नववी ब. आता मधली सुटी. प्लास्टरच्या आत पोटरीला खाज सुटे व ती खाजविण्यास काही उपाय नसे. आयुष्यातील मोठी सुखे कोणती, असे तेव्हा कोणी मला विचारले असते तर मी तत्त्वज्ञानात न शिरता सांगितले असते, की आपली पोटरी आपल्या नखांनी खाजविता येणे. पुढे प्लास्टर कापले, पाय काठीसारखा बारीक झालेला दिसला, आणि त्या दिवशी ऊन पाण्याने मी तो स्वतःच्या हाताने धुतला. ते सुख मी अद्याप विसरलेलो नाही.

हळूहळू चिडण्याचाही कंटाळा आला, आणि मग मला घर दिसू लागले. कॅम्पातल्या या कौलारू घरात मी बावीस वर्षे राहतो. ते मला सकाळी साडेनवापर्यंत व सायंकाळी साडेपाचानंतर ठाऊक होते. रविवारचे ठाऊक होते, पण रविवारचे घर हे काही खरे घर नव्हे. सकाळी अकरा वाजताचे घर मी पाहिलेच नव्हते. पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातील बिगुल वाजतो, तो मी रोजच ऐके. परंतु त्यानंतर दिवसभर या घरात कोणते आवाज एकामागून एक येतात, याची मला वार्ता नव्हती. दहाला शेजारच्या आजी तांदूळ पाखडीत. साडेदहाला भाजीवाला येई व आमच्या दाराशी आला की आवाज उगाच एक पट्टी चढवी. आणि अकरा वाजता आमची मंडळी हातातले काम टाकून, कपभर चहा घेऊन मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसत.

हा चहा मला नवा होता. वीस मिनिटे ती तेथे बसे. पुस्तक नाही, फोन नाही, कोणाशी बोलणे नाही. समोर पेरूचे झाड व त्यापलीकडची भिंत. मी घरी असल्यामुळे पहिल्या दिवशी तिने विचारले, “तुम्हांलाही घोटभर देऊ का?” मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशीही म्हटले. मग माझ्यासाठी चहा करणे, तो पलंगापर्यंत आणणे, मी बोलायला लागलो की ऐकत उभे राहणे, यात त्या वीस मिनिटांचा चुराडा होऊ लागला. हे माझ्या ध्यानात यायला मला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात मी म्हणालो, “मला अकराचा चहा सोसत नाही.” ती हसली. तिने ते खरे मानले नाही, पण कप घेऊन ती उंबऱ्यावर गेली.

सप्टेंबरात पाऊस थोडा उघडला आणि माझ्या रजेतला खरा आनंद मला गवसला. आमच्या माजघरावर एक काचेचे कौल आहे. आभाळ मोकळे असले म्हणजे त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली शहाबादी फरशीवर उतरतो व पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातो. काठी टेकीत चालू लागलो तेव्हा मी त्या कौलापासून दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला. उंची भरली बरोबर बारा फूट. मुलीने आपल्या मोबाईलवरील होकायंत्र पाहून दिले, व मी ओळंब्याच्या टोकाखालून फरशीवर खडूने दक्षिणोत्तर रेघ ओढली. कवडसा त्या रेघेवर आला की आमच्या घरचा मध्यान्ह झाला.

वर्गात हे उदाहरण मी किती वेळा सोडवून दिले असेन! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या जवळ. फरक ८ अंशांचा. अंशाला ४ मिनिटे. म्हणून आपला मध्यान्ह ३२ मिनिटे उशिरा. उत्तराखाली दोन रेघा, पुढचे उदाहरण घ्या. पण तो मध्यान्ह मी कधी पाहिला नव्हता. २३ सप्टेंबरला, दिवस व रात्र समसमान होतात त्या दिवशी, आभाळाने कृपा केली. कवडसा रेघेवर आला तेव्हा बारा वाजून चोवीस मिनिटे झाली होती, बत्तीस नव्हे. मी क्षणभर सूर्यावर रागावलो. मग आठवले, की पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही व तिचा आसही कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे असतो. हेही पुस्तकात होते. मी ते वर्गात कधी सांगितले नव्हते, कारण परीक्षेत ते येत नाही.

ओळंब्याच्या टोकापासून त्या दिवशीचा कवडसा सुमारे तीन फूट पाच इंच उत्तरेस पडला. या अंतराला बारा फुटांनी भागले व कोष्टकात कोन पाहिला: जवळजवळ सोळा अंश. हे बेळगावचे अक्षांश! सूर्य विषुववृत्तावर असण्याच्या दिवशी मध्यान्हीची सावली अक्षांश सांगते, हे कोणाही जाणत्याला ठाऊक आहे. पण एक खडू, एक दोरी व मोडका पाय एवढ्या सामग्रीवर आपले गाव पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहे ते मी माजघरात बसून मोजले, याचा मला जो हर्ष झाला तो पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता. मी ओरडून सर्वांना बोलाविले. मंडळी पोळी लाटीत होत्या. त्या पिठाच्या हातांनी आल्या, रेघ पाहिली, व म्हणाल्या, “बरं झालं, म्हणजे आता फरशी पुसताना ही रेघ जपायची.” आणि तेव्हापासून त्या खरोखरच रेघ जपून पुसू लागल्या.

पुढच्या महिनाभरात ढगांनी निम्मे दिवस खाल्ले, तरी खुणा वाढत गेल्या. सूर्य दक्षिणेस चालला होता, म्हणून कवडसा रोज सुमारे इंचभर उत्तरेस सरके. महिन्यात पावणेतीन फूट. इतक्यात पायही सुधारला. मी सायंकाळी आधी फाटकापर्यंत, मग रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊ लागलो. एका रविवारी मेहुण्याने मोटारीतून येळ्ळूरच्या बाजूला नेले. भात निसवले होते, वाऱ्याची झुळूक आली की शेतच्या शेत एका अंगावर वळे. आम्ही बांधावर अर्धा तास उभे होतो. पाय दुखला, पण मी ते सांगितले नाही.

आणि मग तो सोमवार उजाडला.

डॉक्टरांनी सायकल वर्ज्य केली आहे, म्हणून बसने मध्यवर्ती स्थानकापर्यंत गेलो व तेथून खडेबाजारातून सावकाश चालत निघालो. एका दुकानात कुंदा ढवळणे चालले होते. आटून तांबूस झालेल्या दुधाचा तो वास सायकलवरून जाताना मला कधी एवढा पुरता लाभला नव्हता. शाळेत शिपायाने हातातली पिशवी घेतली, सहकाऱ्यांनी पाठ थोपटली, शिक्षकखोलीतला तोच पाणचट चहा अमृतासारखा लागला. खडूची पूड बोटांना लागली तेव्हा मला गहिवरून आले, हे कबूल करण्यास आता लाज वाटत नाही.

माझ्या जागी तीन महिने एक तरुण बाई तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवीत होत्या. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. रोज खानापूरहून येत. हजेरीपट, गुणांची वही व कपाटाची किल्ली माझ्या स्वाधीन करण्यासाठी त्या त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. मी आठवीच्या वह्या चाळल्या. प्रत्येक वहीत एका पानावर कागदाचे तीन तुकडे एकाला एक लागून चिकटविलेले होते. बाईंनी प्रत्येकाला हवा तसा त्रिकोण कापायला लावला होता, त्याचे तिन्ही कोपरे फाडून एका बिंदूशी जुळवायला लावले होते, व चाळीस मुलांच्या चाळीस वेगळ्या त्रिकोणांचे कोपरे सरळ रेषेत येऊन बसले होते. १८० अंश.

कागद फाडणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे माझे मत आजही बदललेले नाही. जुलैपूर्वी मी ते तेथल्या तेथे बोलून दाखविले असते. पण मी नुकताच खडूने कवडशामागे धावलेला माणूस होतो. मी काही बोलण्यापूर्वी त्याच म्हणाल्या, “सर, हे फक्त करून पाहिलंय. मुलं विचारतात, की जगातल्या सगळ्या त्रिकोणांत असंच होईल कशावरून? मी म्हटलं, ते सर आल्यावर सांगतील. सिद्धता तुमच्यासाठी ठेवलीय.”

मी विचारले, “आता पुढे काय?”

“बघू, सर. खानापुरात शिकवण्या मिळतात का ते पाहते.”

माझी रजा संपली की यांचे काम संपणार, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. कागदावर ठाऊक होते, बत्तीस मिनिटांसारखे. पलंगावर पडून मी मनात कितीदा इच्छिले होते, की मुलांचे माझ्यावाचून अडावे, नव्या माणसाला जमू नये, सर्वांनी माझी वाट पाहावी. मुले वाट पाहत होती हे खरे, पण ती त्या बाईंनी पाहायला लावली होती. मी त्यांना फाटकापर्यंत पोहोचविले. त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा कोठे पाहावे ते मला कळेना.

त्या रात्री मी लवकर निवृत्त होण्याचा हिशेब मांडून पाहिला. धाकटीची कॉलेजची फी, घराचे डागडुजीचे कर्ज, पायाचा झालेला खर्च. हिशेब माझ्या बाजूने लागला, म्हणजे मी नोकरी सोडणार नाही असा लागला, आणि मला किंचित हायसे वाटले. तेही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापनाला अर्ज दिला, की गणिताला वर्ग जास्त व तास अपुरे आहेत, माझ्या पायाला चार जिने झेपत नाहीत, तरी या बाईंना निम्म्या तासांवर का होईना ठेवून घ्यावे. माझे काही तास त्यांना द्यावेत. “विचार करू,” असे उत्तर मिळाले. हे दोन शब्द मी अठ्ठावीस वर्षे ऐकत आलो आहे.

बुधवारी आठवीला मी ती सिद्धता दिली. फळ्यावर त्रिकोण काढला, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा ओढली, व्युत्क्रम कोन दाखविले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो जूनमध्ये तोंड उघडीत नसे, आपल्या वहीतल्या चिकटविलेल्या तुकड्यांवर बोट ठेवून म्हणाला, “म्हणजे सर, आमचे दोन कोपरे उचलून वर नेऊन ठेवले, एवढंच ना?” अठ्ठावीस वर्षांत ही सिद्धता इतक्या थोड्या शब्दांत कोणी मला सांगितली नव्हती. मी होय म्हटले, व ही वाट दाखविणाऱ्या बाईंचे नाव घेऊन वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या.

शनिवारी शाळा सकाळची असते. घरी पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. काठी कोपऱ्यात ठेवून मी माजघरात उभा राहिलो. सव्वाबाराच्या सुमारास कवडसा रेघेवर आला. शेवटच्या खुणेपासून तो चांगलाच पुढे गेला होता. आठवडाभर कोणी खूण केली नव्हती.

“पुसू का आता हे सगळं?” मंडळींनी बादली खाली ठेवीत विचारले.

“डिसेंबरपर्यंत राहू दे. बावीस तारखेला तो मागे फिरेल.”

“त्या खानापूरच्या बाईंचं काही कळलं का?”

“अजून नाही.”

तिने फडके पिळले आणि रेघेच्या अलीकडची फरशी पुसून घेतली.