कोपऱ्यातला दगड

दगड लावलेली नवी इमारत दिसली की मी आधी कोपऱ्यापाशी जातो. समोरची भिंत कुणीही साजरी करतो. दगड आहे की दगडाची नुसती कातडी, ते कोपऱ्यात कळतं.

जुन्या घडीव बांधकामात कोपऱ्याच्या दगडाची लांब बाजू एका थरात इकडे, तर वरच्या थरात तिकडे. दोन भिंती अशा एकमेकींत गुंततात. भिंत फुटू नये म्हणून केलेली ही सोय, शोभा वरकड. शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड, वर वीट. दगड कुठे संपला ते लपवण्याची कुणाला गरज वाटली नाही.

आता आपण काँक्रीटवर वीस मिलिमीटरच्या पाट्या लावतो. त्यात कमीपणा काही नाही. पण कोपऱ्यात दोन पाट्या टेकल्या की करवतीची रेघ दिसते आणि सोंग उघडं पडतं. ती लपवायला कडा तिरप्या कापतात. मग कड इतकी नाजूक होते की पार्किंगमधली पहिली सायकल तिचा टवका काढते. मी कोपऱ्यासाठी अखंड दगडातून काटकोनी तुकडा कापून घेतो. दगड वाया जातो, मालक कुरकुरतो. कुरकुरू दे.

काळ्या दगडाची एक खोड आहे. तो पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे करवतीने गुळगुळीत झालेल्या त्याच्या पाठीला सिमेंट नीट धरत नाही. पाठीला टाकीचे टाचे मारून घ्यावेत. लावल्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघावं: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर मागे पोकळ आहे, काढायचा. उंचावर तर सिमेंटच्या भरवशावर राहूच नये. स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवरच दगड टांगावा.

जांभ्याचं उलट. खाणीतून निघताना मऊ, उघड्यावर टणक होतो, आणि पाणी भरपूर पितो. हल्ली त्याला चकाकीसाठी वॉर्निश फासतात. आतली ओल कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. मला तर तो उघडाच आवडतो, शेवाळासकट.

बहुतेकांना रस्त्यावरून दिसते तेवढीच भिंत दगडाची हवी असते. हरकत नाही. फक्त दगड बाहेरच्या कोपऱ्यावर तोडू नये. वळवून पुढच्या आतल्या खाचेपर्यंत न्यावा. तेवढे जास्तीचे चौरस फूट अंदाजपत्रकात आधीच धरावेत, म्हणजे शेवटच्या बिलावर वाद होत नाही.