खिशातले फ्यूज

मिक्सर हा शब्द मराठी घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर राहतो. माझ्या आईला भांड्यात अडकलेली चटणी चमच्याने सोडवायची असली, की ती आधी प्लग भिंतीतून उपसून काढी आणि मगच झाकण उघडी. बटण बंद केलेले असतानाही ती असे का करते, हा प्रश्न मला लहानपणी पडत असे. त्याचे उत्तर मिळायला मला तेविसावे वर्ष लागले, आणि ते उत्तर ज्या मिक्सरपाशी मिळाले त्यात चटणी नव्हती, वाळू होती.

२००६ साली, अभियांत्रिकीची पदविका घेऊन, मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत देखभाल विभागात लागलो. बिडाच्या ओतकामासाठी साचे वाळूचे करतात. पण नुसती वाळू आकार धरत नाही. तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि जेमतेम तीन-चार टक्के पाणी मिसळावे लागते. ही मिसळणी ढवळण्याने साधत नाही, कारण वाळूच्या प्रत्येक कणावर मातीचा पातळ लेप चढावा लागतो. त्यासाठी वाळू मळावी लागते. म्हणून या मिक्सरमध्ये पुरुषभर रुंदीच्या लोखंडी परातीत दोन जड चाके गोल फिरत असतात आणि चाकांच्या मागेपुढे असलेले लोखंडी फाळ वाळू उलटीपालटी करून पुन्हा चाकांखाली ढकलत राहतात. वाळू तयार झाली की नाही हे जुने कामगार मुठीत दाबून ओळखतात. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटले आणि गोळा हलक्या हाताने मोडताना धारदार कडेने मोडला, तर वाळू जमली. ही परीक्षा अचूक असते, पण तिच्यासाठी हात मिक्सरकडे न्यावा लागतो. दाराला बसवलेला सुरक्षेचा स्विच तारेने बांधून ठेवण्याची खोड याच घाईतून येते.

आमच्या मिक्सरला वीस अश्वशक्तीची मोटर होती. तिचा पूर्ण भाराचा प्रवाह अठ्ठावीस अँपिअरच्या आसपास. पण स्थिर उभी असलेली मोटर थेट पुरवठ्यावर टाकली, तर पहिल्या क्षणी ती याच्या सहापट तरी प्रवाह ओढते. रोटर फिरू लागल्यावर गुंडाळीत पुरवठ्याला विरोध करणारा जो दाब निर्माण होतो, तो उभ्या मोटरीत जवळजवळ नसतोच. हा झटका कमी करावा म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. सुरुवातीला गुंडाळ्या ‘स्टार’मध्ये जोडल्या जातात, प्रत्येकीला अठ्ठावन्न टक्केच दाब मिळतो आणि प्रवाह एक तृतीयांशावर येतो. मात्र फुकट काही मिळत नाही. प्रवाहाबरोबर मोटरीचा पीळही एक तृतीयांश होतो. रिकाम्या मिक्सरला तो पुरतो, वाळूने भरलेल्याला पुरत नाही. म्हणून मिक्सर आधी रिकामा सुरू करायचा, वेगात आला की वाळू सोडायची, हा आमचा पहिला नियम होता.

तो नियम मला ज्यांनी शिकवला त्यांना सारा कारखाना आप्पा म्हणे. ते वायरमन होते. निवृत्तीला तीन-चार वर्षे उरलेली. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावीत, आणि आतला आवाज ऐकून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगत. ग्रीस भरताना ते हात आखडता घेत. ग्रीस कमी पडून बेअरिंग जाते हे सर्वांना ठाऊक असते, पण जास्त झालेले ग्रीस आतल्या आत घुसळून तापते आणि तेही बेअरिंगच खाते, हे मला त्यांच्याकडून कळले. मोटरीच्या पाठीवरच्या पन्हळींत कोळशाची भुकटी साचली की ते दर शनिवारी ती स्वतः ब्रशने झाडीत. पुस्तकात मी वाचले होते, की गुंडाळीचे तापमान दहा अंशांनी वाढले तर तिच्या आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते. आप्पांनी ते पुस्तक पाहिलेले नव्हते, पण ब्रशचा शनिवार त्यांनी कधी चुकवला नाही.

पावसाळ्यानंतर, किंवा खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहून दोन दिवस कारखाना बंद राहिला की, पहिल्या पाळीला त्यांची वेगळी तयारी असे. मोटरीच्या पेटीची झाकणे उघडून मेगर लावायचा. पाचशे व्होल्टवर आवरणाचा रोध मोजायचा. तो एक-दोन मेगओमवर घसरलेला दिसला, तर मोटर सुरू करायची नाही, आधी दिव्याच्या उबेने सुकवायची. अर्थिंगच्या दोन्ही पट्ट्या हाताने ओढून पाहायच्या. मग फ्यूज काढलेले असतानाच पट्ट्याची पुली हाताने एक फेरा फिरवायची, म्हणजे फाळाखाली काही अडकले असेल ते कळते. झेंडूची माळ मात्र ते स्वतः उतरवीत. फिरत्या कपलिंगला फुले गुंडाळलेली त्यांना चालत नसत.

आणि मिक्सरमध्ये कोणी उतरणार असले, की आप्पा मेन स्विच खाली करून पॅनलमधले चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसत आणि पँटच्या खिशात टाकीत. चालताना ते खळखळत. मी एकदा हसून म्हटले, “आप्पा, बटण बंद आहे, मेन बंद आहे, फ्यूज कशाला काढता?” ते म्हणाले, “सायेब, बटण बंद हाय म्हंजे मोटर बंद हाय, आसं न्हाई. बटण कुणीबी दाबतंय. फ्यूज माज्या खिशात हाईत तवर मोटर बंद.”

त्या वर्षी राज्यात विजेची मोठी टंचाई होती आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसे. एप्रिलमधल्या एका दुपारी ती ऐन घाण्यात गेली. परातीत वाळू भरलेली, चाके तिच्यात रुतलेली. अशा वेळी दार उघडले तरी थोडीच वाळू बाहेर पडते, कारण तिला ढकलणारे फाळ उभे असतात. उरलेली फावड्याने काढावी लागते, आणि त्यासाठी कोणाला तरी आत उतरावे लागते. मी तेव्हा ऑफिसात होतो. आप्पांनी फ्यूज काढले, वाळूवर काम करणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आत उतरला, आणि आप्पा भट्टीच्या ब्लोअरकडे गेले. यांतले काहीच मी पाहिलेले नव्हते.

वीस मिनिटांनी वीज आली. भट्टीत लोखंड तयार होते आणि साचेवाले वाळूसाठी ओरडत होते. मी धावत पॅनलपाशी गेलो, मेन वर केला आणि हिरवे बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. पुरवठा दाखवणारा दिवा पेटलेला नव्हता, पण तो कित्येक महिने गेलेलाच होता, त्यामुळे त्याच्या अंधाराचा मी काही अर्थ लावला नाही. पॅनल उघडले तर फ्यूजच्या जागा रिकाम्या. आप्पांच्या सावधपणाचा मला संताप आला. खालच्या खणात जादा फ्यूज असत. मी मेन पुन्हा खाली केला, दोन फ्यूज बसवले, आणि तिसरा हातात असताना मिक्सरमधून फावडे लोखंडावर घासल्याचा आवाज आला.

पुढचे फार थोडे आठवते. मी तो फ्यूज हातात धरून उभा होतो. आप्पा आले. त्यांनी पॅनलकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले, बसवलेले दोन्ही फ्यूज काढले, माझ्या हातातला तिसरा घेतला आणि सगळे दुसऱ्या खिशात टाकले. ते एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खणात जादा फ्यूज दिसले नाहीत, आणि पॅनलवरचा दिवा पेटू लागला होता.

भरलेला मिक्सर त्या वाळूसकट कदाचित फिरला नसता, असे मी पुढे कित्येक रात्री स्वतःला सांगत राहिलो. एक तृतीयांश पिळाचे गणित मी नव्याने मांडले. पण त्या मुलाने तोवर वाळू काढत आणली होती. गणिताचे उत्तर माझ्या बाजूने येत नव्हते.

नंतर वाचनात आले, की अमेरिकेत १९८९ साली यासाठी स्वतंत्र नियम झाला. जो माणूस यंत्रात हात घालणार, त्याने स्वतःचे कुलूप स्विचला लावायचे, किल्ली स्वतःजवळ ठेवायची, आणि कुलूप लावल्यावर बटण दाबून मोटर खरोखर सुरू होत नाही याची खात्री करून मगच आत जायचे. आपल्याकडेही १९४८च्या कारखाना कायद्यात, १९७६च्या दुरुस्तीने, चुकून चालू होऊ शकणारे साधन बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची तरतूद आली होती. मी ते बटण दाबले त्या दिवशी तो कायदा लागू होता. म्हणजे आप्पा खिशात घालून हिंडत होते ती काही त्यांची लहर नव्हती.

तरीही त्यांच्या रीतीत एक उणीव होती आणि ती दिसायला मला फार वर्षे लागली. फ्यूज चुकीच्या खिशात होते. जीव त्या मुलाचा होता आणि त्याची हमी आप्पांच्या सवयीवर टांगलेली होती. आप्पा त्या दिवशी रजेवर असते, तर एवढी काळजी घेणारा दुसरा कोणी त्या कारखान्यात नव्हता. मी तर नव्हतोच.

त्या मुलाला मी हे कधी सांगितले नाही. त्याने त्या दुपारी बाहेर येऊन घाम पुसला, आणि “सायेब, झालं. लावा आता,” म्हणून तो दार ओढून बाजूला झाला. मी मिक्सर रिकामा सुरू केला, नियमाप्रमाणे. वर्षभराने मी तो कारखाना सोडला. तो आता कुठे असेल, ठाऊक नाही.

आज माझ्या हाताखाली मिक्सर आहेत, व्हीएफडीवर अलगद सुरू होणारे. त्यांच्या पॅनलला लाल कुलपे आहेत. नवा मुलगा साफसफाईला उतरणार असला की त्याचे कुलूप मी त्यालाच लावायला लावतो, बटण त्यालाच दाबून पाहायला सांगतो, आणि किल्ली त्याच्या खिशात गेलेली पाहिल्याशिवाय तिथून हलत नाही. मुलांना हा साहेबांचा चक्रमपणा वाटतो. मागे हसणारे मी ऐकले आहेत.