हजरच्या डोंगरातले शनिवार

२३ नोव्हेंबर, शनिवार
आई आल्या. पहाटेचं विमान. बॅगेत आंबेमोहोर, कुळीथ, मेतकूट. गाडीत काही बोलल्या नाहीत. अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली एकदा पाहिलं आणि आत येऊन बसल्या.

२५ नोव्हेंबर
टीव्ही चालू, आवाज बंद. रात्री अर्धी पोळी.

२७ नोव्हेंबर
"आई, संध्याकाळी खाली चक्कर मारू या?"
"कुठे? गाड्यांतून?"
खरं आहे. शारजात, त्यातून अल नहदात चालायचं म्हणजे एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत. वेल्ह्याला त्या रोज सकाळी ओढ्यापर्यंत जायच्या. आषाढापासून ते बंद.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
राष्ट्रीय दिनाची चार दिवस सुट्टी. नवऱ्याला मात्र अबूधाबीत साइटवर थांबायचंय. मी म्हटलं, आईंना डोंगरात, शौकाला नेते. फोनवर गुडघ्यांवरून बराच वेळ ऐकून घेतलं. आई आतून म्हणाल्या, "गुडघे माझे आहेत म्हणावं."

३० नोव्हेंबर, शनिवार
धैद मागे पडलं. सपाट, खडकाळ माळ. "थांब, थांब." गाडी बाजूला घेतली. आई उतरून सरळ चालत गेल्या. रुई. पान तोडलं, चीक आला. "आज शनिवार ना?" एवढंच. पान ओंजळीत धरून परत आल्या, डॅशबोर्डवर ठेवलं.

शौका. धरणाच्या भिंतीजवळ गाडी लावली. पाणी फारसं नव्हतंच. पुढे डोंगर, नुसते डोंगर. झाड नाही, गवत नाही, चॉकलेटी रंगाचे उघडे उतार. पहिल्यांदा पाहणाऱ्याचं मन खट्टू होतं. आईंचंही झालेलं दिसलं.

मग चालायला लागलो. पायाखालचे दगड खणखणतात. टोकदार आहेत, हलके पाय टाकावे लागतात. वाट दाखवायला आधी गेलेल्यांनी दगडांवर दगड रचून ठेवलेत. लेक पुढे, ते शोधत. हातात काठ्या, मनगटावर घड्याळं असा एक घोळका भराभर ओलांडून गेला. आम्ही हळू. हळू असल्यामुळेच रणगोजा दिसला. काळा-पांढरा, एका दगडावरून पुढच्या दगडावर, जणू वाटाड्या. डबक्यात बोटाएवढे मासे. ओहळाच्या वाळूत खुरांचे ठसे. आई वाकून बघतात. "शेळ्या. सकाळच्याच."

खिंडीत वारा लागला. दोघी काही न बोलता उभ्या राहिलो. खाली एकामागे एक डोंगररांगा, जवळची तांबूस, मग जांभळट, मग नुसती रेघ. आईंनी पदर खोचला. "अजून थोडं वर जाऊ."

१ डिसेंबर
आईंच्या पोटऱ्या दुखतात. दोन भाकऱ्या खाल्ल्या, झुणक्याबरोबर. टीव्ही लावला नाही.

७ डिसेंबर, शनिवार
शीस. खोरफक्कानच्या रस्त्यावरून आत. वाटेत मोबाइलवर ओमानमध्ये स्वागत असल्याचा मेसेज. लेक घाबरली, पासपोर्ट घरी! तिला नकाशा काढून दाखवला. नहवा हे गाव शारजाचं, त्याच्या चारी बाजूंनी ओमानचं मदहा, मदहाच्या चारी बाजूंनी पुन्हा अमिराती. चौकी नाही, कुंपण नाही. डोंगर तर सलगच.

शीसच्या घळीत खजुराच्या बागा. बागेच्या कडेनं फलज. वीतभर रुंद पाट, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उतारावर, पंप नाही, काही नाही. पाटाच्या काठानंच पायवाट. वर उभे कडे, खाली सावली, आणि पाण्याचा आवाज सोबतीला. इतकी सुखाची वाट ह्या देशात मी दुसरी पाहिली नाही. आईंनी चपला काढल्या. म्हटलं, घसराल. म्हणाल्या, "पाटात कोणी घसरतं का?"

बागेत काम करणारा एक बांगलादेशी भाऊ. पाटाच्या तोंडाशी बसला होता. फडक्याचा बोळा आणि वर दगड. इकडचं तोंड बुजवलं, तिकडचं मोकळं केलं. पाणी क्षणभर थांबलं, मग वळलं आणि खजुराच्या आळ्यात शिरलं. आळं भरेपर्यंत आई बघत उभ्या. मग हिंदीत, जमेल तसं, "अभी पाळी किसका?" त्याला बरोब्बर कळलं. "दुपारपर्यंत आमची, मग पलीकडच्या बागेची." पाणी कधी कमी होतं, रात्री कोण उठतं, भांडणं होतात का. सगळी चौकशी झाली. मी त्यांना सांगितलं की पूर्वी अशा पाळ्या दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर ठरायच्या. आई म्हणाल्या, "आमच्याकडे घड्याळ होतं, तरी भांडणं व्हायची. ह्यांचं आणि खालच्या आळीचं तर..." तिथंच थांबल्या. पण "ह्यांचं" म्हणाल्या. इथं आल्यापासून पहिल्यांदा.

परतताना त्या भावानं लिंबं दिली.

८ डिसेंबर
लिंबाचं लोणचं घातलं. बरणी त्यांनीच शोधली.

११ डिसेंबर
हा गुडघ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन आला. आई जाऊन आल्या. चढताना बेतानं, उतरताना आधार, बाकी चाला, असं डॉक्टर म्हणाले. आता घरात वाद नाही.

१४ डिसेंबर, शनिवार
हत्ता. दुबईचंच गाव, पण शंभरावर किलोमीटर लांब, डोंगरांत. टेकडीवर १८८०च्या दशकातले टेहळणीचे बुरूज. बुरूज दिसला की आईंना चढायचं असतंच. राजगडाच्या छायेत वाढलेल्या बाईला काय सांगणार. चढल्या. वरून धरणाचं हिरवं-निळं पाणी.

खाली ओढ्याच्या पात्रात गुलाबी कण्हेर, रानातली, कोणी न लावलेली. शेळ्या पलीकडचं सगळं ओरबाडतात, हिला तोंड लावत नाहीत. विषारी आहे ते त्यांना माहीत.

लेकीनं शाळेत शिकलेलं सांगितलं. हा खडक एके काळी समुद्राच्या तळाचा होता. खंड सरकले तेव्हा तळच वर चढून बसला. साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे हा थोरला. आईंनी फुटलेला एक दगड उचलला. बाहेरून उन्हानं करपलेला, आत हिरवट, मध्ये पांढरी शीर. पालथा-सुलटा करून पाहिला. जिथून घेतला तिथंच ठेवला.

२१ डिसेंबर, शनिवार
जबल जैस. १,९३४ मीटर, कळसूबाईहून उंच. माथा ओमानच्या हद्दीत. रस्ता बराच वरपर्यंत जातो म्हणून लोक गाडीतून उतरतात, फोटो काढतात, कोळशावर कबाब भाजतात, परत. त्यांचा आनंद त्यांना. पण हा डोंगर पायांनीच कळतो, असं माझं ठाम मत होत चाललंय.

इथला खडक वेगळा. करडी चुनखडी, थरांवर थर. गार वारा, आईंना स्वेटर दिला. रस्ता सोडून एका जुन्या पायवाटेनं गेलो. वळणापलीकडे दगडी बांध घातलेली सपाट शेतं. पावसाचं पाणी अडवायला. आता ओसाड. बांध मात्र जागचा हललेला नाही. कोपऱ्यात अर्धं जमिनीत गेलेलं दगडी घर, वाकून शिरावं लागेल असं दार.

शिहू लोकांचं कुलूपघर. ते हिवाळ्यात इथं गहू-जव पिकवायचे, उन्हाळ्यात खजुराच्या हंगामाला खाली किनाऱ्याला उतरायचे. धान्य आत, दाराला भक्कम कुलूप. आतले रांजण दारापेक्षा मोठे असायचे. आधी रांजण ठेवायचे, मग त्याभोवती घर बांधायचं. आईंनी दारातून डोकावलं. आत अंधार. खूप वेळ उंबऱ्याच्या दगडावर हात ठेवून बसल्या.

"माणूस नसला तरी घर ठेवतात नीट."

लेक पाण्याची बाटली घेऊन आली. प्यायल्या. म्हणाल्या, "चल, ऊन उतरायच्या आत त्या पलीकडच्या शेतापर्यंत जाऊन येऊ." गेलो. चढावर त्या पुढे होत्या.

२३ डिसेंबर
शेजारणीनं विचारलं, एवढं काय असतं त्या उघड्या डोंगरांत? सांगता येईना. चालताना भूक लागते. झोप लागते. तासभर कोणी काही मागत नाही. डोळ्यांना लांबवर जायला मिळतं. पाय आपोआप ठरवतात पुढचा दगड कोणता, आणि डोकं तेवढा वेळ रिकामं. एवढं तर नक्की.

५ जानेवारी
काल शौकाला पुन्हा. तीच वाट उलट्या बाजूनं. अगदी नवी.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. यंदा सणवार नाहीत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तिळगूळ आणला, लेकीच्या हातावर ठेवला.
पावसाचा इशारा आहे. ओढ्यांकडे फिरकायचं नाही. २०२३पासून पावसात ओढ्यांजवळ, धरणांजवळ जमलं तरी १,००० दिरहम दंड, वाहत्या पाण्यात गाडी घातली तर २,००० आणि गाडी ६० दिवस जप्त. हवाच असा कायदा. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. पाऊस पलीकडच्या डोंगरात पडतो आणि कोरड्या पात्रात लोंढा येतो. २०२४च्या १६ एप्रिलला अल ऐनजवळ खतम अल शकला इथं एका दिवसात २५४.८ मिलिमीटर. १९४९पासूनच्या नोंदींत सर्वांत जास्त. आमच्या इमारतीखाली चार दिवस पाणी होतं.
आईंना नवल. "आमच्याकडे पाऊस लागला की पोरं डोंगराकडे धावतात."

१८ जानेवारी, शनिवार
परवा आई जाणार. कुठे जायचं विचारलं. "पाटावर."
शीस. तोच भाऊ. आईंनी लोणच्याची छोटी बरणी नेली होती.

२० जानेवारी
विमानतळ. पाया पडले. "शनिवार मोडू नकोस," म्हणाल्या.

२५ जानेवारी
मोडला. ऑफिसचं काम.

८ फेब्रुवारी, शनिवार
लेक आणि मी, हत्ता. एकटीनं वाट धरायची धास्ती होती. खुणा पाहत गेलो. लेक आजीसारखी वाकून ठसे बघते. शेळ्या, गाढवं, एक कोल्हा असावा. तिचं म्हणणं कोल्हाच.

२२ फेब्रुवारी
हा आला बरोबर. तक्रार न करता चढला. वर बसून बराच वेळ काही बोलला नाही. मग बाबांबद्दल बोलला. लहानपणी तोरण्यावरून उतरताना खांद्यावर घेतलं होतं, ते.

१५ मार्च
रोजे चालू. घळीत एक म्हातारे अरब गृहस्थ, हातात लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड. सलाम केला. ते चालतच राहिले, एकसारख्या पावलानं, उन्हात, पाण्याविना.

३० मार्च, रविवार
पाडवा आणि ईद एकाच दिवशी. आमची गुढी नाही. शेजारून शीरखुर्मा आला.
आईंचा फोन. गावातल्या चार बायकांना घेऊन रोज पाचला निघतात. आधी ओढा, आता गुंजवणीच्या धरणापर्यंत. "वर्षश्राद्ध झालं की तोरण्यावर जाऊ, मेंगाईपर्यंत. पाऊस असेल. घसरेल, पण मी आहे."

५ एप्रिल, शनिवार
पहाटे साडेचारला निघालो. आठलाच अंग भाजायला लागलं. ह्या मोसमातलं हे शेवटचं. घरी येऊन जुलैची तिकिटं पाहिली. तिघांची मिळताहेत.