आधी पाणी, मग पाहुणे

निगडी, प्राधिकरण

चि. दत्तू,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी चाकणला ड्यूटीवर होते, नीट बोलता आलं नाही. पवना धरणाच्या काठी तंबू लावायचं तुमच्या मनात आहे, आणि मी अंदमानात तशाच एका छोट्या ठिकाणी राहून आले, म्हणून तू विचारलंस. फोनवर उरकण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सेल्युलर जेल पाहिलं की आपली बहुतेक माणसं हॅवलॉक गाठतात. आम्ही राहिलो नील बेटावर. 2018 पासून त्याचं नाव शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोटीने जायचं. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी तिथल्या गावांची नावं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं हे बेट आज पोर्ट ब्लेअरला भाजी पुरवतं. अशाच एका बंगाली कुटुंबाच्या सुपारीच्या वाडीत बांबूच्या मोजक्या खोल्या होत्या. समुद्र, प्रवाळ, ओहोटीला उघडे पडणारे खडक यांचे फोटो तू पाहिलेच आहेस. तुझ्या कामाची गोष्ट होती ती तिथली विहीर.

मालकीणबाई, त्यांना सगळे दीदीच म्हणायचे, रोज सकाळी पोहरा सोडून पहिला घोट स्वतः घ्यायच्या. पाणी जिभेला जरा मचूळ लागलं की त्या दिवसापासून नवे पाहुणे घेणं बंद. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी हाताने दाखवलं: वर गोडं, खाली खारं.

यामागचं शास्त्र पक्कं आहे. अशा प्रवाळाच्या, चुनखडीच्या बेटात मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर ते वीतभर असेल, तर खाली सुमारे चाळीस विती असतं. पण हाच हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी वीतभर उतरली, की खालून खारं पाणी चाळीस विती वर सरकतं. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी जानेवारी ते एप्रिल कोरडे जातात, आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी तेव्हाच. म्हणून खोल्या किती बांधायच्या हे दीदींनी विहिरीला विचारून ठरवलं. छपराला पन्हळी, खाली टाकी, अंघोळीला बादली आणि मग. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात जायचं. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला. माझं अर्धं आयुष्य कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करण्यात गेलं, पण सांडपाण्याची एवढी कळकळ असलेलं घर मी क्वचितच पाहिलंय.

आता तुझ्या जागेकडे येते. सत्तरच्या दशकात पवना धरण झालं, मामांची जमीन त्यात गेली. त्या धरणात साडेआठ टीएमसी पाणी मावतं. ते नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून इथे निगडीत सेक्टर 23 मध्ये शुद्ध होतं आणि आमच्या नळाला पोचतं. नोव्हेंबर 2019 पासून तेही दिवसाआड. हेच पाणी धरणातून थेट शहरात आणणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ आपल्या मावळातले तिघे गोळीबारात गेले, हे तुला मी सांगायला नको. ज्या पाण्यासाठी माणसं गेली, त्याच्या उगमाशी तू व्यवसाय मांडतोयस. तुझा तो हक्क आहे. जमीन तुमची गेली, मग काठावरचं उत्पन्न तुम्हालाच मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. उन्हाळ्यात पाणी हटतं आणि गाळाची सपाट जमीन उघडी पडते. तंबू तिथे छान दिसतात, पाहुण्यांनाही पाण्याशेजारीच हवे असतात. मे महिन्यात तिथे संडासाचा खड्डा खणलास, तर ऑगस्टमध्ये तो पाण्याखाली असेल. शनिवार-रविवारची सगळी घाण थेट धरणात मिसळेल. मैल्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊनच जलपर्णी फोफावते. चिंचवडला पवनेवर तिचा हिरवा गालिचा तू पाहिलायस. ती काढायला दरवर्षी यंत्रं लावावी लागतात.

म्हणून माझं म्हणणं असं. पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं, तिथे मामांकडून दगड रोवून घे. संडास, मोरी, स्वयंपाक सगळं त्या दगडाच्या बरंच वर. सेप्टिक टँकच्या पुढे खडी घालून कर्दळीचा वाफा कर. त्याचा आराखडा मी काढून देते. भांडी धरणाच्या पाण्यात घासायची नाहीत. डीजे नको. आणि जमलं तर नवं बांधकामच कमी कर. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पाहुणे येऊ लागले तेव्हा गावकऱ्यांनी हॉटेलं बांधली नाहीत, आपापल्या घरातच त्यांची सोय केली. मामीच्या हातची भाकरी आणि तुमची ओसरी यांना कमी लेखू नकोस.

शेजारी पन्नास तंबू लावतील, तेव्हा तुझे थोडे तंबू तुला तोट्याचे वाटतील. पण दीदींकडे माणसं परत परत येतात, ती त्या जागेचा जीव राखला जातो म्हणूनच.

पुढच्या सुट्टीला मी येते. लेव्हल-ट्यूब आणि टेप घेऊन येईन, दोघं मिळून काठ मोजू. तंबू किती लावायचे ते त्यानंतर ठरव, तोवर कुणाकडून उसनवार घेऊ नकोस.

मामा-मामींना नमस्कार सांग.

तुझी,
ताई