दिवसा अंधार, रात्री उजेड

घरमालकाने खिडकी सताड उघडली तसं सकाळचं ऊन थेट कडप्प्याच्या ओट्यापर्यंत आलं. ‘बेळकु चन्नागिदे,’ तो म्हणाला. उजेड छान आहे. आणि एवढ्या उजेडाचे महिन्याला पाचशे जास्त मागितले तर बिघडलं कुठे, अशा चेहऱ्याने आमच्याकडे बघत राहिला. माझ्याबरोबरचा पोरगा खानापूरकडचा, आयटीआय करून सीएनसी मशीनवर नुकताच लागलेला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘काका, ह्या खिडकीला बाहेरून पत्रा मारू देतील काय, विचारा की.’

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करता करता माझे केस पांढरे झाले. मूळचा बेळगावचा, त्यामुळे घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही जिभेवर. आमच्या भागातून कुणाचा मुलगा, कुणाची भाची इकडे नोकरीला आली की खोली बघायला मला बरोबर नेतात. मी आपला दुभाष्या. ‘मने खाली इदेया’ आणि ‘अडव्हान्स एष्टु’ एवढं ती मुलं चार दिवसांत शिकतात. माझी गरज त्यापुढच्या बोलण्याला लागते. ‘हवेशीर, भरपूर सूर्यप्रकाश’ ही बिल्डरच्या जाहिरातीतली शब्दांची जोडी या पोरांच्या कामाची नाही, हे त्या फिरण्यातून माझ्या लक्षात आलं. रात्रभर मशीनपुढे उभं राहून सकाळी सातला परतणाऱ्याला ऊन म्हणजे शत्रू. त्याला खोली हवी ती उत्तरेच्या खिडकीची, शक्यतो शेजारच्या भिंतीला चिकटलेली, दुपारी बारालाही दिवा लावावा लागेल अशी. अशा खोलीला एरवी कुणी विचारत नाही, म्हणून ती स्वस्तही मिळते. माझ्या पिढीतल्या कुठल्याही बापाने मुलासाठी अशी खोली पसंत केली नसती.

बेंगळुरू म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे काचेच्या इमारती येतात. पीण्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येला, तुमकूर रस्त्यावर आहे. सत्तरच्या दशकात वसलेली ही वसाहत आशियातल्या मोठ्या औद्योगिक क्षेत्रांत मोजली जाते. नाव घ्यावं असे मोठे कारखाने आहेतच, पण पीण्याचा जीव छोट्या शॉपमध्ये आहे: शटर उघडलं की चार लेथ, एक व्हीएमसी, कूलंटचा आंबूस वास, कोपऱ्यात गणपतीचा फोटो. शेजारी पावडर कोटिंग, पलीकडे प्लेटिंग, त्यापलीकडे गार्मेंट. मोठ्या ठिकाणी आठ-आठ तासांच्या तीन शिफ्ट. छोट्या शॉपमध्ये बऱ्याचदा बारा-बारा तासांच्या दोन. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा त्याची सूत्रं इथल्याच, इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रातून हलत होती. त्या वेळी नाइटवाली पोरं नुकतीच उठून चहाच्या टपरीवर, तोंडही न धुता, एकाच मोबाइलभोवती गोळा झाली होती.

खोल्या वसाहतीत कमी आणि तिच्या कडेने जास्त. चोक्कसंद्र, हेग्गनहळ्ळी, राजगोपालनगर, लग्गेरे, दासरहळ्ळी. वीस बाय तीसच्या प्लॉटवर तीन-चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन कुटुंबं आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली, खास बॅचलरसाठी राखून ठेवल्यासारखी. उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापते. अडव्हान्सची जुनी रीत दहा महिन्यांच्या भाड्याची. हल्ली जागेप्रमाणे घासाघीस होते, पण सोडताना ‘पेंटिंग’ म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची रीत मात्र कुणी मोडलेली नाही. पोरगा नोकरीला लागतो तेव्हा त्याच्या हातात एवढी रक्कम नसते. मग तो पीजीत जातो: चार शेअरिंग, सकाळी चित्रान्न, रात्री भात आणि रस्सम. चार-सहा महिन्यांत अडव्हान्स जमला की बाहेर पडतो.

बाहेर का पडतो, हे मी सुरुवातीला चुलीशी जोडत होतो. भाकरीची आठवण येत असणार. तसं नसतं. भाकरी मिळते. उत्तर कर्नाटकातल्या बायका चालवतात अशा खानावळी गल्लोगल्ली आहेत. त्यातली एक तर सकाळी सातलाच पूर्ण जेवण वाढते, कारण गिऱ्हाइकाचं ते रात्रीचं जेवण असतं. मावशी परातीत भाकरी थापत असतात, हाताखाली ती फिरत फिरत ताटाएवढी होते, तव्यावर पडते, पाण्याचा हात फिरतो. समोर बाकावर चार पोरं अर्ध्या झोपेत, डोळे लाल, नखांत काळं तेल. भरल्या वांग्याची एण्णेगाई, भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. जेवून उठली की सरळ अंथरुणात. पीजीत अडतं ते इथेच. एकाच्या नाइटला दुसऱ्याची फर्स्ट शिफ्ट असते. सकाळी एक डोळे मिटत असताना दुसऱ्याचा गजर होतो, तिसऱ्याच्या मोबाइलवर रील सुरू होतात, चौथा दार आपटून अंघोळीला जातो.

म्हणून खोली घेताना पार्टनर शोधतात तो गाववाला नसतो, शिफ्टवाला असतो. ही गोष्ट मला फार नवी वाटली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावाच्या खोल्या असत. गावकरी मंडळाची खोली, त्यात वीस-वीस, तीस-तीस पुरुष. धोबीतलावला गोव्याच्या गावांचे तसेच कूड. तिथे वेगवेगळ्या पाळीचे लोक असलेलेच बरे, कारण एक उठल्याशिवाय दुसऱ्याला पाठ टेकायला जमीन मिळायची नाही. जेवण खानावळवाल्या बाईकडे. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिथे जमीन कमी होती, इथे झोप कमी आहे. आणि गाववाला इथे नकोच असतो, त्याचं कारण मुलं हळूच सांगतात: आज रात्री एक बिअर घेतली तर उद्या दुपारपर्यंत आईला कळलेलं असतं. माझ्या मते हे कारण झोपेपेक्षा लहान नाही. घरापासून सहाशे किलोमीटर लांब येऊन गावच्याच नजरेखाली कोण राहील?

कारखान्याच्याच घरात राहणाऱ्यांना हा शोध घ्यावाच लागला नाही. आमच्या बेळगावातून उठून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा कामगारांची घरंही त्याच माळावर उभी राहिली. पीण्याला लागून जालहळ्ळीत एचएमटी १९५३ ची; तिथे नोकरी लागली की क्वार्टर, शाळा, दवाखाना, वर झाडांची सावली. एचएमटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मला भेटतात. त्यांना खोली शोधणं म्हणजे काय हे सांगूनही समजत नाही. त्यांनी आयुष्यात एकच अर्ज केला, नोकरीचा. घर त्याच अर्जातून आलं. आता एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद आहे आणि कंत्राटी पोराला कंपनीकडून मिळतं ते ओळखपत्र आणि सेफ्टी शूज.

आवाजाबद्दल मात्र माझा अंदाज पार उलटा निघाला. एका खोलीच्या मागच्याच भिंतीला पॉवर प्रेस चालायचा. धप्प, धप्प, दिवसभर. मी म्हटलं, चला, ही नको. तिथे राहणारा निपाणीचा मुलगा हसला. म्हणाला, प्रेसने झोप मोडत नाही. लाइट गेली आणि प्रेस थांबला की मोडते. त्रास होतो तो सोप्पुवाल्याच्या, म्हणजे पालेभाजीवाल्याच्या, गाडीवरच्या रेकॉर्डचा, मालकिणीच्या पाण्याच्या मोटरचा आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या चेंडूचा. जून २०२२ मध्ये नागसंद्र मेट्रो स्टेशनला लागून आयकिया उघडलं. हा मुलगा एका रविवारी तिथे गेला, सजवून ठेवलेल्या खोल्यांतून फिरला, गादीवर बसून पाहिलं आणि उजेड पूर्ण अडवणारा पडदा हातात घेऊन किमतीची चिठ्ठी उलटून बघितली. परत येऊन शॉपमधल्या पॅकिंगचं काळं प्लास्टिक मागून घेतलं. दोन पदर, कडेने ब्राउन टेप. पडद्यापेक्षा चांगला अंधार पडतो, असं त्याचं म्हणणं.

मुलींची गोष्ट वेगळी. त्या खोली दिवसा बघतच नाहीत. कागलची एक मुलगी इथल्या गार्मेंट युनिटमध्ये चेकिंगला आहे; तिने मला रात्री साडेदहाला गल्ली बघायला नेलं. खोली राहिली बाजूला. खांबावरचे दिवे लागतात का, कोपऱ्यावरचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं, बारच्या दारात गर्दी कुठपर्यंत पसरते, कुत्री किती, हे तिने चालत चालत टिपलं. मग गेटची वेळ. पीजीचं गेट दहाला बंद आणि सेकंड शिफ्ट सुटते दहाला, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी. रोज वॉर्डनची मनधरणी करायची. शेवटी तिने नळ उघडला आणि विचारलं, ‘कावेरी की बोअर?’ बोअरच्या जड पाण्याने केस गळतात ही बेंगळुरूतल्या प्रत्येक पीजीतली तक्रार आहे, पण पीण्यात प्रश्न केसांवर थांबत नाही. प्लेटिंगच्या सांडपाण्यामुळे इथल्या भूजलात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आढळलेलं आहे. शहरात नंतर सामील झालेल्या ११० गावांसाठी कावेरीचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून गेटवरच्या टु-लेटच्या पाटीखाली ‘कावेरी’ हा शब्द ठळक अक्षरांत दिसू लागला आहे.

मेट्रोचं कौतुक मी सगळ्यांकडून ऐकतो. पीण्या इंडस्ट्रीपर्यंत ती २०१४ च्या मार्चमध्ये आली, पुढच्या वर्षी नागसंद्रपर्यंत, नोव्हेंबर २०२४ मध्ये मादावरापर्यंत. प्रत्येक वेळी आसपासची भाडी चढली. पण या मुलांच्या कामाला ती फारशी येत नाही. कामावर ती चालत जातात. मेट्रो त्यांना लागते ती रविवारी मॅजेस्टिकला आणि सणाला यशवंतपूरला, राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिकिटं वाढली तेव्हा आयटीतल्या मंडळींनी आरडाओरडा केला. माझ्या पोरांनी रविवार दासरहळ्ळीतच काढायला सुरुवात केली.

खरा फरक पाडला तो बसने. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे. त्यासाठी ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. कागलच्या मुलीची मैत्रीण निपाणीची, त्याच युनिटमध्ये, त्याच लाइनला. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात, पण दोघींच्या गावांमध्ये जेमतेम वीस किलोमीटर, दोन्ही एकाच पुणे-बेंगळुरू महामार्गावर. तोच महामार्ग पुढे पीण्याच्या दारातून जातो. दोघींची भाषा एक, पगार एक. निपाणीची मादनायकनहळ्ळीला राहायला गेली: स्वस्त खोली, लांबचा बसप्रवास, फुकट. कागलची जाऊ शकली नाही, कारण तिला रोज दोन्ही वेळचं तिकीट काढावं लागलं असतं. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो असा बेंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टरच्या हातातल्या मशीनपर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, ‘मग आधारवरचा पत्ता बदलून घे की. इथला करार दाखव, काम होईल.’

तिने हा हिशोब आधीच केलेला होता. पत्ता बदलला तर बस फुकट होईल, पण गावाकडे तिच्या नावावर महाराष्ट्र सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, ते जातील. ते पैसे आईच्या औषधाला लागतात. शिवाय पीण्यात किती वर्षं राहणार, कुणी सांगावं. चाकणला तिचा अर्ज गेलेला आहे.

‘राहते मी इथेच, चालत जाण्यासारखं,’ ती म्हणाली. ‘पत्ता आपला कागलचाच असू दे. तुम्ही फक्त त्या घरमालकीण अम्मांना कन्नडमधून नीट समजावून सांगा, गेट साडेदहापर्यंत उघडं ठेवा म्हणून. आणि अडव्हान्स दोन हप्त्यांत चालेल का, तेही विचारा.’